राखणदाराचा वाटा

तुमसर तालुक्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात सकाळी लवकर जाऊन उभे राहा. वांग्या-मिरच्यांचे पोते सोडून बाई पाल मांडते न मांडते तोच हातात पावतीपुस्तक घेतलेला माणूस येतो आणि बाजार फी मागतो. बाई कुरकुरते, अजून बोहनी झाली नाही म्हणते आणि शेवटी पैसे देते. फाडून दिलेली चिठ्ठी पदराच्या गाठीला जाते. पुढच्या वेळी कुणी पुन्हा मागायला आला, तर ती गाठ सोडून दाखवता येते. बाजारात पाणी नसेल, चिखल असेल, तर ग्रामसभेत विचारता येते की आमचे पैसे गेले कुठे?

आता समजा, थोड्या वेळाने दुसरा माणूस आला. पुस्तक नाही, चिठ्ठी नाही. आवाज मात्र मऊ. "मावशी, इथं बसाचं असन तं आमचंबी पाहा लागन. रात्री कोणी पाल पेटवलं तं?" पाल पेटवणारा दुसरा कोणी नाही, तोच आहे, हे बाईला कळते. तिला कळले आहे हे त्यालाही कळते. आणि तरीही मागणी 'राखणी'च्या नावाने केली जाते. याला खंडणी म्हणतात, आणि त्यातला हा प्रकार सर्वांत चिवट. चोर एकदा येतो. हा राखणदार दर आठवड्याला येतो.

दोघेही 'बसण्याचे' पैसे घेतात. मग कर आणि खंडणी यांत फरक काय? हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. मोठमोठ्या इतिहासकारांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी त्यावर डोके खाजवले आहे.

माल जड, रस्ता एक

हा प्रश्न नाकाडोंगरीत बसून विचारण्याला कारण आहे. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे गाव. पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा, दोन राज्यांच्या सीमेवरून वाहणारी बावनथडी नदी, आणि जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण. इथल्या मँगनीजचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या इंग्रज कंपनीने त्याची सुरुवात केली आणि १९६२ मध्ये त्यातून आजची सरकारी 'मॉयल' उभी राहिली. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांना जाते. खाणीखेरीज इथे नदीची रेती आहे, जंगलातला तेंदूपत्ता आहे, तुमसरच्या बाजारपेठेकडे जाणारे धान आहे.

नाकाडोंगरीवर कोणताही ठपका ठेवण्याचा हेतू नाही. पण खंडणीचा धंदा जगात जिथे जिथे रुजला, तिथली जमीन पाहिली तर ती साधारण अशीच दिसते. माल जड असतो, त्यामुळे तो लपवून नेता येत नाही. रस्ता एक असतो, त्यामुळे अडवणाऱ्याला फार शोधावे लागत नाही. हद्द जवळ असते, त्यामुळे पळणाऱ्याला दुसऱ्या राज्यात शिरायला वेळ लागत नाही. आणि मालाला वेळ सोसत नाही. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ज्याचा माल थांबला की नासतो, किंवा ज्याच्या डोक्यावर कर्जाचे व्याज रोज चढते, तो खंडणीला लवकर वाकतो. खंडणीखोर माणसाची तिजोरी मोजण्याआधी त्याची घाई मोजतो.

'ब्लॅकमेल' हा आपल्याकडे रुळलेला इंग्रजी शब्दसुद्धा हद्दीवरच जन्मला. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर सोळाव्या शतकात घोडेस्वार टोळ्या गुरे पळवत. गुरे सुरक्षित राहावीत म्हणून शेतकरी त्याच टोळ्यांना जी रक्कम देत, तिला ब्लॅकमेल म्हणत. त्यातल्या 'मेल'चा टपालाशी संबंध नाही. जुन्या बोलीत त्याचा अर्थ होता खंड, म्हणजे जमिनीचे भाडे.

खंडणी, चौथाई, हप्ता

आपल्या शब्दांचीही कूळकथा अशीच बोलकी आहे. 'खंडणे' म्हणजे एकदाचा आकडा तोडून ठरवणे. शेतकरी जमीन खंडाने देतो तेव्हा तोच धातू असतो. खंडणी म्हणजे ठरवून घेतलेली रक्कम. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द गुन्हेगारीचा नव्हता, तो राजकारणाचा होता. एखाद्या शहराशी किंवा संस्थानिकाशी आकडा ठरला की 'खंडणी झाली', म्हणजे लूट टळली. 'हप्ता' फारसीतून आला. हफ्त म्हणजे सात, सात दिवसांचा तो हप्ता. बँकेच्या कर्जाचा आणि गल्लीतल्या दादाचा, दोन्ही हप्तेच. नियमितपणा हे दोघांचे सामाईक लक्षण.

चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, त्यावर सरदेशमुखीचा दहावा. हे हक्क १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदेने मिळवले. या चौथाईचे सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण आपल्या भागातल्याच सत्तेने घडवले, ते म्हणजे नागपूरकर भोसल्यांनी. तुमसरजवळचा आंबागड किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात, १७०० च्या सुमारास उभा राहिला. पुढे तो आणि भोवतालचा मुलूख भोसल्यांकडे आला. या राज्याचे पहिले रघुजी भोसले यांची नजर पूर्वेकडे होती.

१७४२ मध्ये त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. फौजेतल्या बारगिरांना बंगाली लोक 'बर्गी' म्हणू लागले, आणि तो शब्द तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसला, बाळाला भीती दाखवण्यासाठी. कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला नावच पडले मराठा खंदक. आता पुढची गंमत पाहा. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने १७४३ मध्ये रघुजींपासून बचाव व्हावा म्हणून दुसऱ्या मराठ्याला, म्हणजे नानासाहेब पेशव्यांना, फौजेच्या खर्चाचे बावीस लाख रुपये आणि चौथाई देण्याचे कबूल केले. पेशव्यांनी रघुजींना खरेच बंगालबाहेर पिटाळले. पण त्याच वर्षी साताऱ्यात शाहू महाराजांनी दोघांचा समेट करून दिला आणि बंगाल, ओडिशा आणि बिहारचा पूर्वेकडचा भाग रघुजींच्या वाट्याला गेले. नवाबाने मोजलेल्या पैशांची राखण काही महिन्यांत संपली. १७४४ मध्ये भास्करराम पुन्हा आले. नवाबाने त्यांना मानकरा या ठिकाणच्या छावणीत बोलणीसाठी बोलावून साथीदारांसह मारले. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई, शिवाय ओडिशाचा महसूल.

हे खंडणी होते की राजकारण? न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. पैसे घ्यायचे आणि बदल्यात परकीय हल्ल्यापासून सांभाळायचे, असा तो व्यवहार, असे त्यांचे म्हणणे. इतिहासकार जदुनाथ सरकारांना ते पटले नाही. चौथाई देणाऱ्याच्या मुलखातून मराठ्यांची फौज दूर राहत असे एवढेच, इतरांपासून रक्षण करण्याची जबाबदारी तिच्यात नव्हती, असे त्यांनी मांडले. वाद कोणत्याही बाजूने लावा, त्यातून कसोटी मात्र मिळते. घेणारा माणूस फक्त स्वतःला आवरण्याचे पैसे घेतो, की तिसऱ्यापासूनही वाचवतो?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी १९८५ मध्ये हीच कसोटी साऱ्या युरोपला लावली. राज्यसंस्थेचा उगम आणि संघटित गुन्हेगारी यांत त्यांना नाते दिसले. दोघेही भीती दाखवून राखणीचे पैसे घेतात. फरक पडतो तो पुढे, घेणाऱ्याला हिशेब द्यावा लागू लागतो तेव्हा. बाजारातल्या बाईच्या पदरातली चिठ्ठी ही शतकानुशतकांच्या त्या भांडणातून मिळालेली आहे.

फिरता लुटारू आणि बसता लुटारू

भोसल्यांच्या मुलखाने दुसरी जातही पाहिली, पेंढाऱ्यांची. मराठी सत्ता विस्कळीत होत गेल्या तसे पेंढारी मोकाट सुटले. १८१६ मध्ये त्यांची एक टोळी आंध्रच्या गुंटूर भागात शिरली आणि बाराएक दिवसांत ३३९ गावे लुटून गेली. पेंढारी आकडा ठरवत बसत नसत, कारण त्यांना पुढच्या वर्षाची फिकीर नव्हती. मिळेल ते घ्यायचे, दडवलेले काढण्यासाठी माणसाचे हाल करायचे आणि निघायचे. १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला. त्यांचा म्होरक्या चितू जंगलात पळाला आणि वाघाच्या तोंडी पडला.

अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९९३ मध्ये यावर एक सोपा सिद्धान्त मांडला. लुटारू दोन प्रकारचे, फिरता आणि बसता. फिरता सगळे नेतो, मागे राख उरते. बसत्या लुटारूला पुढच्या सुगीतही वाटा हवा असतो, म्हणून तो बियाणे ठेवतो, आणि दुसरा लुटारू आला तर त्याला हाकलतो. कोंबडी कापण्यापेक्षा अंडी बरी, हे त्याला कळलेले असते.

गल्लीतला हप्तेखोर हा बसता लुटारू असतो. म्हणूनच त्याचा आकडा पहिल्यांदा बेताचा असतो. 'शोले'मधला गब्बरसिंगही गावकऱ्यांकडून धान्य मागतो ते त्यांना गब्बरपासून वाचवण्याच्या मोबदल्यातच. प्रेक्षक ते ऐकून हसतो. पण दुकानदाराच्या डोक्यात जे गणित चालते, ते हसण्यासारखे नसते. महिन्याचा हप्ता इतका, काच फुटली तर खर्च इतका, पोलीस ठाण्याच्या खेपा इतक्या. तीन आकड्यांत पहिला लहान दिसतो. तो देतो, आणि वहीत 'इतर खर्च' म्हणून लिहितो. ज्या दिवशी हप्ता 'इतर खर्चा'त गेला, त्या दिवशी धंदा पक्का झाला.

भाई आधी मदतीला येतो

इटलीतले अभ्यासक दिएगो गाम्बेता यांनी १९९३ मध्ये सिसिलीच्या माफियावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की माफियाचा मूळ माल हिंसा नाही, हमी आहे. जिथे करार पाळला जाईल याची खात्री नाही, कोर्टात निकाल लागायला पिढी जाते, तिथे गाय विकणारा आणि घेणारा दोघेही एखाद्या दांडग्या माणसाला मध्ये घालतात. तो जामीन राहतो, दोघांकडून घेतो. पुढे त्याला उमगते की हमीला गिऱ्हाईक हवे तर अविश्वास टिकला पाहिजे. मग तो स्वतःच थोडा अविश्वास पेरतो.

मुंबईचा इतिहास याहून वेगळा नाही. घर रिकामे करायचे आहे, भाडेकरू हलत नाही. उधारी अडकली आहे, चेक परत आला आहे. दिवाणी दाव्याला वीस वर्षे. अशा वेळी 'भाईकडे शब्द टाकू' असे म्हणणारा पहिला माणूस व्यापारीच होता. सिनेमाचेही तसेच. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा जाहीर करेपर्यंत निर्मात्याला बँकेचे दार सहसा बंदच होते. त्या पोकळीत कुणाचा पैसा आला हे नंतर खटल्यांतून दिसले.

तस्करीवर वाढलेल्या टोळ्या नव्वदच्या दशकात खंडणीकडे वळल्या, त्यालाही अर्थशास्त्र होते. आयात खुली झाली, सोन्याच्या आणि घड्याळांच्या तस्करीतला नफा आटला. उलट जमिनीचे भाव आकाशाला भिडले आणि बंद गिरण्यांच्या जागा बाजारात येऊ लागल्या. म्होरके परदेशात, हातात फोन. वसुलीची एक बोलीच तयार झाली. लाखाला पेटी, कोटीला खोका, खुनाला सुपारी, टोळीतल्या हस्तकाला पंटर. मे १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा खून झाला. त्यांच्या गिरणीच्या जमिनीच्या व्यवहारात टोळ्यांचे हितसंबंध शिरले होते. १९९५ मध्ये चेंबूरचे बिल्डर ओमप्रकाश कुकरेजा मारले गेले. १२ ऑगस्ट १९९७ रोजी संगीत-कॅसेटच्या धंद्यातले गुलशन कुमार अंधेरीत देवळाबाहेर गोळ्यांना बळी पडले.

या खुनांचे बळी मोजके होते, पण श्रोते हजारो. खंडणीचा धंदा जाहिरातीवर चालतो आणि खून ही त्याची जाहिरात असते. एकाला मारले की शंभर जण न सांगता देतात. म्हणून खरा जम बसलेली टोळी फार कमी गोळ्या झाडते. शहर शांत आहे याचा अर्थ खंडणी नाही असा होत नाही. कधी कधी सगळे वेळेवर देत आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने फेब्रुवारी १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा आणला. वर्तमानपत्रे ज्याला 'मोक्का' म्हणतात तो हाच. त्याचे मर्म असे की तो एका गुन्ह्याकडे सुटे पाहत नाही. मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रे असतील, तर टोळी चालवणे हाच गुन्हा ठरतो. शिक्षा साधारणपणे किमान पाच वर्षे ते जन्मठेप, आणि गुन्ह्यात कुणाचा जीव गेला असेल तर फाशीही. फोनवरचे संभाषण पुराव्यात येते, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो, जामीन अवघड होतो. धारदार हत्यार आहे, आणि म्हणूनच ते कुणावर उगारले जाते याकडे न्यायालयांना आणि नागरिकांना लक्ष ठेवावे लागते.

फळीवरचा वाटा

मुंबई लांब वाटत असेल तर जवळचे उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत सालेकसा, देवरी हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. तिथे आणि गडचिरोलीत नक्षलवादी दलमे तेंदूपत्ता ठेकेदारांकडून वर्षानुवर्षे वसुली करत होती.

तेंदूचा हंगाम उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत, मोजक्या दिवसांचा. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, पुडके बांधायचे, फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे, उन्हात वाळवायचे. वळवाचा पाऊस आला तर पान काळे पडते. एक ठिणगी पडली तर फळी जाते. मजूर चार दिवस थांबले तर ठेक्याची रक्कम बुडाली. म्हणजे वर म्हटलेली घाई इथे पराकोटीची. ठेकेदार पैसे द्यायचा ते फळी जाळू नये म्हणून, आणि जाळणारे दुसरे कोणी नव्हते.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती लपवली तर लेख अर्धा राहील. ऐंशीच्या दशकात दलमे आली तेव्हा पुडक्याचा भाव फार पडलेला होता, आणि भाववाढीसाठी त्यांनी ठेकेदारांवर आणलेल्या दबावाने मजुरांच्या हातात चार पैसे जास्त पडले. राखणदाराची पत अशीच तयार होते. तो सुरुवातीला काहीतरी खरे देतो. पण एकदा वाटा बांधला गेला की ठेकेदार तो ठेक्याच्या बोलीतून वजा करतो. खंडणी ठेकेदाराच्या खिशातून जात नाही, ती शेवटी पान तोडणाऱ्या बाईच्या मजुरीतून जाते. पावती नसलेला हा कर सर्वांत गरीब माणूस भरतो.

यावर जो उतारा सापडला तो बंदुकीचा नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजावर हक्क दिले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये स्वतः बांबू विकण्याचा हक्क बजावला. पुढे कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. सगळीकडे सारे सुरळीत झाले असे नाही, पण हिशेब फळ्यावर लिहिला जाऊ लागला. ज्या व्यवहाराचा आकडा सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यातून गुपचूप वाटा काढणे अवघड असते.

कायदा गैरहजर असला की

नाकाडोंगरीहून नागपूर काही दूर नाही. तिथल्या कस्तुरबा नगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे घरोघर वसुली केली, बायकांवर अत्याचार केले. तो पकडला जायचा आणि जामिनावर परत यायचा. प्रत्येक परतीबरोबर तक्रार करणाऱ्याची हिंमत एक इंच कमी व्हायची. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणले असता वस्तीतल्या बायकांच्या जमावाने, हातात भाजीच्या सुऱ्या आणि तिखट घेऊन, त्याला न्यायालयातच ठार केले. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, सारे आरोपी पुराव्याअभावी सुटले. अनेकांनी त्या घटनेवर टाळ्या वाजवल्या. पण टाळ्यांत एक गोष्ट बुडून जाते. त्या बायका कायदा हातात घ्यायला निघाल्या नव्हत्या, त्या वर्षानुवर्षे कायद्याच्या दारात उभ्या होत्या. दार उघडले नाही.

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार या खुनाच्या मुळाशी एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती, आणि देशमुख तिच्या आड आले होते. प्रकरणाला मोक्का लावला गेला, मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण पवनचक्की हा नवा माल आणि वाटा मागण्याची रीत जुनी, एवढे मात्र दिसले. जिथे ठेका, जमीन आणि मोठी गुंतवणूक एका आडगावात अचानक येऊन पडते, तिथे राखणदार आपोआप उगवतात.

एकट्याचा नकार आणि गावाचा नकार

सिसिलीतल्या पालेर्मो शहरात लिबेरो ग्रासी नावाचा कपड्यांचा कारखानदार होता. त्याने खंडणी नाकारली. जानेवारी १९९१ मध्ये त्याने स्थानिक वर्तमानपत्रात खंडणीखोरालाच उद्देशून उघड पत्र छापले. इतर कारखानदारांनी त्याला साथ दिली नाही, उलट शहराची बदनामी करतो म्हणून नावे ठेवली. २९ ऑगस्ट १९९१ रोजी घराजवळ त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो मारला गेला तो नकार दिला म्हणून नव्हे, एकट्याने दिला म्हणून.

तेरा वर्षांनी, २००४ च्या एका रात्री, त्याच शहरात काही तरुणांनी खंडणी देणाऱ्यांना लाज वाटेल अशी पत्रके भिंतींवर चिकटवली. त्यातून 'अदिओपित्सो' ही चळवळ झाली. तिने युक्ती केली ती साधी. न देणाऱ्या दुकानांची यादी उघड छापली आणि गिऱ्हाइकांकडून शब्द घेतला की आम्ही इथेच खरेदी करू. एका दुकानावर सूड उगवणे सोपे, यादीतल्या शेकडो दुकानांवर अवघड. जपानने २०११ पर्यंत वेगळी वाट धरली. तिथल्या प्रांतांच्या नियमांनी याकुझा टोळ्यांना पैसे पुरवणे हेच बेकायदा ठरवले, म्हणजे व्यापाऱ्याला 'मला देता येत नाही' म्हणायला कायद्याचा आधार मिळाला.

खंडणीचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो. देणाऱ्याला वाटते की आपण एकटेच आहोत. शेजारचाही देतो हे त्याला ठाऊक असते, पण त्याबद्दल दोघे बोलत नाहीत, कारण दोघांनाही लाज वाटते. टोळीत माणसे पाच-दहा, बाजारात दुकाने दोनशे. पाच-दहा एकत्र आहेत आणि दोनशे सुटे आहेत, म्हणून पाच-दहा मोठे.

तक्रार करायची झाली तर

शेवटी काही उपयोगाच्या गोष्टी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खंडणीचे कलम ३०८ आहे. जुन्या दंडविधानात साध्या खंडणीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता ती सात वर्षांपर्यंत आहे. जिवाची भीती घालून पैसे घेतले तर दहा वर्षांपर्यंत. पैसे दिलेच पाहिजेत असे नाही, खंडणीसाठी नुसती भीती घालणे हाही गुन्हा आहे. तेव्हा 'अजून काही दिले नाही, मग तक्रार कशाची?' हा समज चुकीचा. टोळीने केलेल्या खंडणीला कलम १११ संघटित गुन्हा म्हणते.

हद्दीवरच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गुन्हा बालाघाटच्या हद्दीत झाला की भंडाऱ्याच्या, या कारणाने पोलीस ठाणे तक्रार परत पाठवू शकत नाही. ती कुठेही नोंदवून घ्यावी लागते आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग होते. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तातडीला ११२ क्रमांक आहे.

आणि उत्सवाची वर्गणी? ती स्वखुशीची असते तोवर वर्गणी. धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी नाही, पावती नाही आणि आकडा समोरच्याने ठरवला, तर तिला वर्गणी म्हणणे हा फक्त शिष्टाचार.

कुणी असे पैसे मागितले तर आवाज चढवू नका, हो-नाही काही बोलू नका, वेळ मागा. फोन आला असेल तर क्रमांक, तारीख, वेळ आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. संदेश पुसू नका. मग शेजारच्या दुकानात जाऊन विचारा, तुमच्याकडेही आला होता का? दोन वह्यांतल्या नोंदी जुळल्या की तक्रार एकाची राहत नाही, आणि ठाण्यात जाताना दोघांनी बरोबर जा. ज्या पैशाची पावती मिळत नाही, त्याची नोंद आपण ठेवायची असते.